पुढच्या खेपेचा शब्द

मी आयुष्यात तयार केलेली पहिली गुप्त लिपी एका कंपाउंडरनं पाऊण तासात फोडली. तीही चहा पीत पीत, आणि मध्ये उठून एकाच्या खरजेला मलम लावून देत. पुढं मी गणिताचा प्राध्यापक झालो. माणसाची ओळख कशी पटवून घ्यायची आणि ती पटवताना त्याचं गुपित कसं राखायचं, याच विषयावर ऐंशीच्या दशकात संशोधन केलं, निबंध लिहिले, परिषदांमधून शहाणपण पाजळलं. लोक विचारायचे, कोल्हापुरात बसून तुम्हाला हे खूळ कुठून लागलं? मी काहीबाही सांगून वेळ मारून न्यायचो. खरं सांगायचं तर राजारामपुरीतल्या एका दवाखान्याची खिडकी सांगावी लागेल, आणि त्या खिडकीत बसून मी काय केलं तेही सांगावं लागेल.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. एम.एस्सी. होऊन मी घरी बसलो होतो आणि घरच्यांना खुपायला लागलो होतो. माझ्या सरांनी एक दिवस बोलावून सांगितलं, एका डॉक्टरबाईंना सकाळच्या कामाला माणूस हवाय, गणित येणारा. दवाखान्यात गणित कशाला लागतंय, असं मी म्हणालो, तर सर म्हणाले, जाऊन तर बघ.

दवाखान्यावर पाटी होती ती नुसती 'त्वचारोग' अशी. खरूज, गजकर्ण घेऊन शहरातली माणसं यायची. त्यांच्याच बाकावर, त्यांच्यात मिसळून, आसपासच्या खेड्यांतले कुष्ठरोगी बसायचे. हे मिसळणं बाईंनी मुद्दाम केलेलं होतं. हा रोग तेव्हा गोळ्यांनी आटोक्यात यायचा, पण त्या वर्षानुवर्षं, एक महिना न चुकवता घ्याव्या लागायच्या. आणि रोगाचं नाव गावात फुटलं की गोळ्यांचा उपयोग संपला. लोक 'रक्तपिती' म्हणायचे, तेही आवाज खाली आणून. मग त्या घराशी सोयरीक बंद, पाणवठा बंद, घरातल्या घरात ताट वेगळं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, अंगानं बारीक, बोलायला तुटक. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं नोंदवही टाकली. तीन महिन्यांपूर्वी एक पाहुणा आला होता. भाच्याला दाखवायला आणायचंय म्हणाला. आधीचा कारकून पाणी आणायला आत गेला तेवढ्यात त्यानं टेबलावरची ही वही चाळली आणि त्यात त्याला ओळखीतल्या एका मुलीचं नाव सापडलं. पंधरा दिवसांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं. घरच्यांनी भीतीपोटी तिचं औषधही बंद केलं.

"मी तिच्या गावी गेले होते," बाई म्हणाल्या. "दारातूनच परत पाठवलं मला. आत ती होती, मला बांगड्या ऐकू येत होत्या. तुम्ही मला असं काही तरी करून द्या, की वही चोरली तरी चोराला काही कळता कामा नये."

मी छाती फुगवून हो म्हणालो. तेवीस वर्षांचा होतो, आणि गणिताला जगात काही अशक्य आहे हे मला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून लढायांतल्या गुप्त संदेशांबद्दल मिळेल ते वाचलं. आठवडाभर खपलो. प्रत्येक गावाला एक आकडा, नावातलं प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढं सरकवलेलं, अशी लिपी करून सगळी वही नव्यानं लिहून काढली आणि बाईंपुढं ठेवली. बाईंनी ती उचलून कंपाउंडरपुढं ठेवली.

कंपाउंडर म्हणजे आमचे चाचा. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरातलंच, वडिलांचा कल्हईचा धंदा होता. गणित त्यांना बेरीज-वजाबाकीपुरतं येत होतं. त्यांनी वही गुडघ्यावर घेतली, बशीत चहा ओतला आणि पानं उलटायला लागले.

"ह्यो सतरा नंबर सोमवारीच येतोय बगा," थोड्या वेळानं ते म्हणाले. "सोमवारी मोकळं कोण असतंय? ज्या गावात सोमवार पाळत्यात, औताला बैल धरत न्हाईत, ते." त्यांनी गावाचं नाव सांगितलं. बरोबर होतं. "आता त्या गावात दर तिसऱ्या गड्याचं नाव गावच्या देवावरनं. हे तीन अक्षरांचं सारखं सारखं येतंय, ते तेच असणार. तीन अक्षरं घावली म्हंजे बाकीची काय लांब हाईत?" आणि मग ते एकामागून एक नावं वाचत सुटले. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

"लिपी झ्याक हाय, मास्तर," चाचा वही परत देत म्हणाले. "फकस्त आमची गावं वळखत न्हाई ती."

त्यानंतर महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. नावं झाकायची कशी, हा प्रश्नच मी चुकीचा धरला होता. खिडकीत बसणाऱ्याला मुळात नाव लागतंच कशाला? गाव तरी कशाला? समोर आलेल्या माणसाला कुठली पुडी द्यायची, एवढं कळलं की त्याचं काम झालं. तेवढंच कळावं आणि त्यापलीकडं काही कळू नये, अशी व्यवस्था हवी होती. हे सुचलं त्या दिवशी मी रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारल्या आणि तोंडातल्या तोंडात बडबडत राहिलो.

व्यवस्था ठरली ती अशी. पुडी देताना रोग्याला एक शब्द द्यायचा. विळी, उखळ, पडवळ, असा रोजच्या वापरातला. वाचता येणाऱ्याला चिठ्ठीवर, न येणाऱ्याला कानात तीनदा. पुढच्या महिन्यात त्यानं, किंवा त्यानं पाठवलेल्या कुणीही, खिडकीत येऊन तो शब्द सांगायचा. खिडकीतल्या यादीत त्या शब्दापुढं फक्त कुठल्या गोळ्या आणि किती, एवढंच. शब्द एकदा वापरला की खोडायचा आणि पुडीबरोबर पुढच्या खेपेचा नवा द्यायचा, म्हणजे शेजारी उभं राहून कुणी कान दिला तरी त्याच्या हाती शिळा शब्द लागणार. शब्द चुकला तर वाद घालायचा नाही. खरजेचं मलम द्यायचं आणि वाटेला लावायचं. कुठला शब्द कुठल्या माणसाचा, हे सांगणारी वही एकच, ती बाईंच्या कपाटात कुलपात.

बाईंनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला. 'शब्द बरोबर, तर औषध. नाव, गाव, नातं विचारायचं नाही.'

कोल्हापुरात हे पाळणं उपासापेक्षा अवघड होतं. इथं माणूस समोर आला की पहिला प्रश्न, पावणं, गाव कुठलं? न विचारणारा माणूस शिष्ट समजला जातो. आणि विचारलं की समोरचा गाव, भावकी, सोयरे, सगळं सांगून मोकळा होतो, त्यात त्याला आनंद वाटतो. म्हणून आम्ही रोग्यांनाही बजावत होतो. कुणीही विचारलं, अगदी दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, तरी गाव सांगायचं नाही. हे वाक्य माझं होतं. मी ते प्रत्येकाकडून म्हणून घेत असे.

चाचांनी एकदाच अडवलं. "वही लिवणारा आन् खिडकीत बसणारा एकच नको, मास्तर."

"का? मी काय चोर आहे?"

"चोर कोण म्हणतंय? पर तुमाला समदं पाठ हाय. ठावं असलं की माणूस गप बसत न्हाई."

पाठ होतं हे खरंच होतं. दीडशे माणसांची वही मी हातानं दोनदा लिहिली होती आणि माझी स्मरणशक्ती त्या काळात वाईट नव्हती. पण आम्ही तिघंच होतो. चाचा औषधं बांधायचे, बाई तपासायच्या, मग खिडकीत दुसरं कोण बसणार? मी हसण्यावारी नेलं.

पहिल्या चार-पाच महिन्यांत आमची व्यवस्था एकदाच कसाला लागली. पांढरी टोपी घातलेला एक गृहस्थ आला, घाईत असल्यासारखा. आमच्या पोरीचं औषध द्या म्हणाला. मी शब्द विचारला. "विळी," तो म्हणाला. विळी दोन महिन्यांपूर्वीच खोडलेली होती. मी वाद घातला नाही. मलमाची डबी पुढं केली, अंग स्वच्छ ठेवा म्हणालो. तो डबीकडं बघत उभा राहिला, मग निघून गेला. चाचांनी आतून मान डोलावली. त्या दिवशी मी हवेत होतो, आणि खरं सांगायचं तर पुढं बरेच दिवस खाली उतरलो नाही.

याच सुमाराला एक बाई आली. बाई कसली, वीस-एकवीस वर्षांची पोर. कागलच्या बाजूच्या एका गावात दिलेली, आईबरोबर आली होती. उजव्या कोपराच्या खाली एक फिकट चट्टा आणि शेवटच्या दोन बोटांना मुंग्या. डॉक्टरबाईंनी तिचा हात बराच वेळ तपासला. म्हणाल्या, वेळेत आलीस, एक महिनासुद्धा चुकवला नाहीस तर बोटं सरळ राहतील.

"धार काढायला येईल न्हवं?" तिनं विचारलं. तिच्याकडं घरच्या चार म्हशी होत्या. "सासरी कुणाला ठावं न्हाई. कळलं तर माहेरी आणून टाकत्याल. आन् हात गेला तर मग कळंलच की सगळ्यास्नी."

हे ती मला सांगत होती, कारण वही मीच लिहीत होतो. मी तिच्या सासरचं गाव लिहिलं, नाव लिहिलं. माहेरचं गाव लिहिलं नाही. जेवढं कमी लिहावं तेवढं बरं, हा माझाच नियम. मग तिला पहिला शब्द दिला. दुसरीपर्यंत शिकलेली होती, चिठ्ठी तिनं दोनदा वाचून पदराच्या गाठीत बांधली.

सात-आठ महिने ती नेमानं आली. कधी एकटी, कधी आई. डॉक्टरबाई प्रत्येक वेळी तिला बोटं टेबलावर पसरायला लावायच्या आणि समाधानानं मान हलवायच्या. तिला दिवस गेले होते, तेही बाईंनीच तिला सांगितलं. गोळ्या थांबवायच्या नाहीत, बाळाला काही होत नाही, असं निक्षून सांगितलं.

मग एका सकाळी खिडकीत एक म्हातारा आला. डोक्याला पटका, धोतर, पायात जाड वहाणा. डॉक्टरबाई त्या दिवशी एका गावात तपासणीला गेल्या होत्या. म्हाताऱ्यानं आधी गल्लीत मागं वळून बघितलं. मग खिडकीत वाकून हळू म्हणाला, "कासरा."

मला यादीत बघायची गरजच नव्हती. कासरा म्हणजे ती. माझा हात पुडीकडं गेलाही होता. पण ह्या म्हाताऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तो पुन्हा मागं बघत होता. चिठ्ठी त्याच्या बोटांत चुरगळत होती. तिच्या पदराच्या गाठीतली चिठ्ठी याच्या हातात कशी आली? आणि डोळ्यांसमोर बाईंच्या अक्षरातला तो कागद असताना मी विचारलं, "बाबा, गाव कुठलं?"

तो दचकला. मला ते स्पष्ट दिसलं. जरा वेळानं म्हणाला, "हातकणंगलं."

"रेल्वेनं आलात?"

"व्हय. रेल्वेनं."

त्याच्या कुडत्याच्या खिशातून एस्टीचं तिकीट डोकावत होतं. बोलण्यात कागलकडचा, कानडी मुलखाला लागून असलेला हेल होता, तो लपत नव्हता. मी विचारलं, "औषध कुणासाठी?"

"ते कशापायी इचारताय?" म्हातारा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "शब्द सांगितला न्हवं मी? बरोबर हाय का न्हाई, तेवडं सांगा."

मला सगळं लख्ख दिसलं. किंवा तसं वाटलं. हा तिचा सासरा. चिठ्ठी त्याच्या हाती लागली आहे, गावाचं नाव खोटं सांगतोय, पुडी घेऊन हा कुठल्या तरी डॉक्टरकडं जाणार, गोळ्या कसल्या ते विचारणार आणि संध्याकाळी त्या पोरीला घराबाहेर काढणार. त्या लग्न मोडलेल्या मुलीच्या बांगड्या मी कधी ऐकल्या नव्हत्या, पण त्या क्षणी मला त्या ऐकू येत होत्या. मी म्हाताऱ्याला थांबा म्हणालो आणि आत गेलो.

"चाचा, ह्याला कॅल्शियमच्या गोळ्या बांधून द्या. साठ."

"शब्द चुकला?"

"नाही."

"मग? बरोबर हाय तर द्या की त्याचं त्याला."

"बाईंनी सांगून ठेवलंय," मी म्हणालो. बाईंनी काहीही सांगितलेलं नव्हतं. चाचांनी माझ्याकडं बघितलं, पण बाईंचं नाव आल्यावर ते पुढं बोलत नसत. त्यांनी पांढऱ्या गोळ्या मोजून पुडी बांधली. दिसायला त्या आमच्या गोळ्यांसारख्याच होत्या. कुठल्याही डॉक्टरनं बघितल्या तरी शक्तीच्या म्हणून सांगितल्या असत्या. संशय येऊ नये म्हणून मी पुढच्या खेपेचा शब्दही दिला. म्हाताऱ्यानं दोन्ही हात जोडले. "लई उपकार झालं," तो म्हणाला. काय नाटक करतोय, असं माझ्या मनात आलं.

दुपारी बाई आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. शाबासकीची वाट बघत होतो. त्यांनी पहिलंच विचारलं, "शब्द चुकला होता?"

"नाही. पण बाई, एस्टीचं तिकीट. आणि त्याचा हेल."

त्यांनी कपाटातली वही काढून तिचं पान उघडलं. मग म्हणाल्या, "असेल तुमचं बरोबर. पण तिला औषध कसं पोचवायचं आता?"

पोस्टकार्ड टाकलं तर पोस्टमनपासून सगळं गाव वाचणार. बाई गावात गेल्या तर चार लोक विचारणार, कुणाकडं आल्या होत्या? माहेरचं गाव वहीत नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं. तिची आई येईल, नाही तर ती स्वतः येईल, असं धरून आम्ही थांबलो. रोज खिडकीची फळी उघडताना मी बाकावर आधी तिचं तोंड शोधायचो. एक आठवडा गेला, दोन गेले. मला रात्रीची झोप नीट लागेना. तिला घरातून काढलं असेल का, या काळजीनं. माझं चुकलं असेल, ही काळजी तेव्हा माझ्या जवळपासही नव्हती.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा म्हाताराच आला. मी दिलेला शब्द त्यानं बरोबर सांगितला. या वेळी डॉक्टरबाई पडद्याआडून त्याला निरखत होत्या. तो पुन्हा मागं बघत होता, पुन्हा घामाघूम होता. मी आत गेलो तर बाई कुजबुजल्या, "लपवतोय काही तरी." मग त्यांनीच चाचांना खूण केली. पुन्हा साठ पांढऱ्या गोळ्या.

तिसऱ्या खेपेला त्यानं पुडी हातात घेतली आणि खिडकीतून अगदी आत वाकला. "ह्या गोळ्यांनी गुण कवा येतोय, सायेब?"

मी सावध झालो. बोलतं करायला आलाय. "कसला गुण? शक्तीच्या गोळ्या आहेत या," मी म्हणालो.

म्हातारा क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. मान डोलावून, डोळा बारीक करून तो म्हणाला, "व्हय, व्हय. शक्तीच्याच." दोघांत एखादं गुपित ठरल्यासारखं बोलला आणि पुडी पटक्याच्या घडीत खोचून निघून गेला. तो गेल्यावरसुद्धा मी बराच वेळ खिडकीत बसून होतो. त्या डोळा बारीक करण्यात काही तरी होतं, जे माझ्या हिशेबात कुठं बसत नव्हतं. चाचा पाठीमागं येऊन उभे राहिले.

चौथ्या महिन्यात ती आली. म्हाताऱ्याबरोबर. बाळंत होऊन महिना झाला असावा. खांद्यावरून पदर घेऊन, उजवा हात पदराखाली धरून ती बाकावर बसली. म्हातारा खिडकीत आला, शब्द सांगितला आणि म्हणाला, "आज सुनंला घिऊन आलोय. बाईंस्नी दावायचं हाय. हात बगा की तिचा."

डॉक्टरबाईंनी तिला आत घेतलं. हात टेबलावर ठेवायला सांगितला. ठेवला. शेवटची दोन बोटं आत वळली होती. सरळ कर म्हटल्यावर तिनं करून बघितली, कपाळावर आठ्या पडल्या, बोटं तिथंच राहिली.

"मी एकबी दिस चुकवला न्हाई," ती म्हणाली. "बाळंतपणातबी न्हाई. रोज दोन." आणि शिल्लक राहिलेली पुडी तिनं डाव्या हातानं सोडून दाखवली. बाईंनी त्यातली एक गोळी उचलून बघितली आणि माझ्याकडं बघितलं. मी दारात उभा होतो.

म्हाताऱ्यानं सांगायला सुरुवात केली, कुणी विचारलं नव्हतं तरी. चिठ्ठी त्याला गोठ्यात सापडली होती, वैरणीत पडलेली. त्यानं सुनेला विचारलं, ती रडली, तिनं सगळं सांगितलं. "पोराला बोललो न्हाई, म्हातारीला बोललो न्हाई," तो म्हणाला. "पोटुशी पोर, कागलातनं एस्टीत हेलकावे खात कशी येणार? म्हटलं, मी जातो. बाजाराचं निमित्त करत हुतो."

डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "तुम्ही सांगा त्यांना." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, त्या दोघांकडं न बघता. तीन महिने तुम्हाला दिलं ते औषध नव्हतं. मला वाटलं तुम्ही हिचं गुपित फोडायला आलाय. मला तुमचं गाव पाठ होतं, आणि तुम्ही दुसरंच सांगितलंत, म्हणून. माझी चूक झाली. असं काही तरी. वाक्यं नीट लागत नव्हती.

म्हाताऱ्याला राग आला नाही. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो गोंधळून म्हणाला, "पर तुमीच सांगितलंतं की हिला. कुणीबी इचारलं, दवाखान्यातल्या माणसानं इचारलं तरी गाव सांगू नका. हिनं माझ्याकडनं दहादा घोकून घेतलं." मग सुनेकडं बघून विचारलं, "माजं काय चुकलं का गं?"

बाईंनी नंतर मला पुष्कळदा सांगितलं, की बाळंतपणाच्या सुमाराला हा रोग कधी कधी आपोआप उसळतो, नसा धरतो. खऱ्या गोळ्या असत्या तरी बोटं वळलीच असती, किंवा वळली नसती, सांगता येत नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. पण ते 'किंवा' मला आजवर ओलांडता आलेलं नाही. पुढं मी जे निबंध लिहिले त्यांत पडताळणाऱ्याला गरजेपेक्षा एक अक्षरही जास्त कळू नये, असं मी हट्टानं मांडत आलो. वाचणाऱ्यांना वाटायचं, मला चोरांची भीती आहे. मला भीती होती ती खिडकीत बसलेल्या माणसाची. त्या दिवसापासून त्या खिडकीत चाचा बसायला लागले. पण त्या सकाळचं शेवटचं काम मला करावं लागलं.

चाचांनी खऱ्या गोळ्या मोजल्या, दोनदा मोजल्या, पुडी बांधून माझ्या हातात दिली. मी यादीत शब्द खोडला, नवा लिहिला. खिडकीबाहेर दोघं उभे होते. म्हातारा अजून अपराध्यासारखा दिसत होता. त्यानं वाकून, खालच्या आवाजात मला विचारलं, "मग आता खरं गाव सांगू का, सायेब?"

"नगा सांगू, मामा," ती मागून सासऱ्याला म्हणाली. "त्यास्नी पैल्यापास्नं ठावं हुतं."

मी पुडी पुढं केली. ती तिनं डाव्या हातानं घेतली.